खाडीतला डाग भलत्याच दिशेला पसरतोय? दिशासापेक्ष डिफ्युजनची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

संगणकाच्या मॉडेलमध्ये पाण्यात मिसळलेली वस्तू पसरते ते डिफ्युजन. खाडीच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेला ते वेगवेगळं असेल तर ते दिशासापेक्ष. आधी लक्षणं. खाडीच्या मध्यावर सोडलेला रंग, सांडपाणी किंवा खारेपणा प्रवाहाच्या रेषेत लांबट पसरायला हवा. पण मॉडेलमध्ये यातलं एक किंवा अनेक दिसतं:

- डाग गोलच राहतो. लांबीच्या दिशेचा गुणांक (पसरण्याचा जोर सांगणारा आकडा) दहापट केला तरी ढिम्म फरक नाही.
- डाग लांबट होतो, पण खाडीला आडवा. कधी किनाऱ्यातच घुसतो.
- डागाच्या कडेला संहती (पाण्यातलं प्रमाण) उणे येते.
- एकूण वस्तुमान हळूहळू घटतं किंवा वाढतं, आणि गळती नेमकी वळणांवर असते.
- जाळी (गणनेसाठी खाडीचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे पेशी) बारीक केली की उत्तर बदलतं, आणखी बारीक केली की पुन्हा बदलतं.
- भरतीची ओहोटी होताना, पाणी थांबतं त्या सुमाराला, रन (संगणकावरची गणना) फुटतो.

दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, विजयदुर्ग अशा खाड्यांची मॉडेलं करणारे विद्यार्थी आणि छोटे सल्लागार माझ्याकडे फाइली पाठवतात. खाडी बदलते, सॉफ्टवेअर बदलतं, बिघाड बहुधा तोच असतो: टेन्सर (कुठल्या दिशेला किती पसरायचं ते सांगणारा आकड्यांचा तक्ता) एका अक्षात लिहिलेला आणि सॉफ्टवेअर तो दुसऱ्याच अक्षात वाचतंय. त्यामुळे समीकरणाला किंवा सॉल्व्हरला (ते सोडवणाऱ्या कोडला) हात लावण्याआधी अक्ष तपासा. खालचा क्रम फुकट आणि दोन मिनिटांच्या तपासण्यांपासून सुरू होतो. उड्या मारू नका. वरची तपासणी चुकलेली असली तर खालच्या कुठल्याही तपासणीतून काही निष्पन्न होत नाही.

हिशेबाचं उदाहरण

पुढे सगळीकडे हेच आकडे वापरते. खाडीच्या लांबीच्या दिशेचा गुणांक डीएल = १०, आडव्या दिशेचा डीटी = ०.१, दोन्ही चौरस मीटर प्रति सेकंद. खाडी एक्स अक्षाशी थीटा = ३० अंशांत. मग

डीएक्सएक्स = डीएल × कॉस² थीटा + डीटी × साइन² थीटा = ७.५२५
डीवायवाय = डीएल × साइन² थीटा + डीटी × कॉस² थीटा = २.५७५
डीएक्सवाय = (डीएल − डीटी) × साइन थीटा × कॉस थीटा = ४.२८७

पडताळा सोपा आहे. पहिल्या दोघांची बेरीज डीएल + डीटी इतकीच यायला हवी, म्हणजे १०.१. आणि डीएक्सएक्स × डीवायवाय वजा डीएक्सवायचा वर्ग हा डीएल × डीटी इतका, म्हणजे १. हे दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे वाचायची गरज नाही, चूक इथेच आहे.

१. टेन्सर वाचला तरी जातोय का?

हसू नका. डाग गोलच राहतो या तक्रारीचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. कॉमसॉल या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिफ्युजन गुणांकाचा ड्रॉपडाउन ‘आयसोट्रॉपिक’वरच, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं यावर, राहिलेला असतो. ओपनफोम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीत टेन्सर लिहिलेला असतो, पण सॉल्व्हरचा कोड मात्र एकच स्केलर (दिशा नसलेला आकडा) वाचणारा असतो. काही ठिकाणी ‘डायगोनल’ निवडलेलं असतं, म्हणजे तिरपा घटक (डीएक्सवाय) मुकाट्याने टाकून दिला जातो.

तपासायचं कसं? डीएल मुद्दाम शंभरपट करा आणि पाच मिनिटांचा रन घ्या. डाग हललाच नाही, तर तुमचा आकडा सॉल्व्हरपर्यंत पोहोचत नाहीये. जमत असेल तर डीएक्सवायचं क्षेत्र आउटपुटमध्ये काढून पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवून बघा. सगळीकडे शून्य दिसलं की प्रश्न मिटला.

२. कोन कुठून मोजलाय?

इथे तीन सापळे आहेत आणि तिन्ही एकाच फाइलीत सापडू शकतात.

अंश आणि रेडियन. एक्सेलचं साइन फंक्शन रेडियन मागतं. त्यात ३० तसंच टाकलंत तर ते ३० रेडियन होतात आणि तुमची खाडी ३०ऐवजी साधारण ९९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ उभी होते. कॉमसॉलमध्येही कोनाला अंशाचं एकक लावलं नाही तर हेच होतं. याउलट मॉडफ्लो ६ हे भूजलाचं सॉफ्टवेअर कोन अंशांतच मागतं. डाग बरोबर लांबट आहे पण विचित्र दिशेला आहे, असं दिसलं की आधी हे बघा.

होकायंत्र. नकाशावरून खाडीची दिशा काढणारा माणूस उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतो. गणितातला कोन पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट. नकाशावरचे ६० अंश म्हणजे गणितातले ३०. नव्वदातून वजा करायचं, बस्स. पण खाडी ४५ अंशांत असली तर दोन्ही कोन सारखेच येतात आणि चूक लपून राहते. म्हणून चाचणी ४५ अंशांवर कधीच घेऊ नका. याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

अक्षांश-रेखांशांची जाळी. आपल्याकडे, साधारण १७ अंश उत्तरेला, एक अंश अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा आणि एक अंश रेखांश सुमारे १०६ किलोमीटरचा. जाळी अंशांत आणि गुणांक मीटरमध्ये, अशी सरमिसळ झाली की डिफ्युजनचे आकडे निरर्थक होतात. यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत) झोन ४३ उत्तर घ्या आणि सगळं मीटरमध्ये आणा. ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांत रत्नागिरीला जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो. त्याच्या मागे लागू नका.

३. सहा आकड्यांचा क्रम

त्रिमितीय सममित टेन्सरला सहा आकडे लागतात. ओपनफोमचा क्रम असा: एक्सएक्स, एक्सवाय, एक्सझेड, वायवाय, वायझेड, झेडझेड. अबॅकस या सॉफ्टवेअरचा असा: ११, १२, २२, १३, २३, ३३. पहिले दोन आणि शेवटचे दोन आकडे दोन्हीकडे एकाच जागी येतात, म्हणून वरवर बघितलं तर सगळं ठीक वाटतं. बदलतात ते मधले दोन. आमच्या उदाहरणात अबॅकसचे आकडे ओपनफोममध्ये चिकटवले तर २.५७५ हा एक्सझेडच्या जागी बसतो आणि वायवायच्या जागी शून्य येतं. डाग आडवा पसरायचं सोडून तळाकडे पसरायला लागतो आणि टेन्सर तर कामातूनच जातो.

भूजलवाल्यांचा सापळा वेगळा. एमटी३डीएमएस या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या दिशेसाठी लांबीच्या डिस्पर्सिव्हिटीशी (प्रवाहामुळे होणारं पसरणं सांगणाऱ्या लांबीशी) असलेलं गुणोत्तर द्यायचं असतं. मॉडफ्लो ६च्या डिस्पर्शन पॅकेजमध्ये तीच गोष्ट थेट मीटरमध्ये लागते. जुनी फाइल नव्यात उतरवताना ०.१ हे गुणोत्तर ०.१ मीटर होऊन बसतं, आणि जांभ्यातला डाग दोऱ्यासारखा बारीक निघतो.

४. आकडे ‘सोपे’ करू नका

७.५२५, २.५७५, ४.२८७ यांचं कुणीतरी ७.५, २.५, ४.३ करतं. दिसायला किरकोळ वाटतं. पडताळा करून बघा: ७.५ × २.५ − ४.३² = ०.२६. म्हणजे तुमचा डीटी आता ०.१ नाही, सुमारे ०.०२६ आहे, चौथ्या हिश्श्यावर आलाय. आणि ४.३चं ४.४ झालं तर उत्तर उणे येतं. उणे म्हणजे एका दिशेला डिफ्युजन उलटं चालतंय, पसरलेला रंग पुन्हा गोळा होतोय. असा रन फुटणारच, काळाची पायरी कितीही लहान घेतली तरी.

डीएल आणि डीटी यांत जितका फरक जास्त, तितका आडवा गुणांक दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत अडकलेला असतो. म्हणून टेन्सरचे घटक हाताने टाइप करू नका. डीएल, डीटी आणि थीटा एवढेच द्या, बाकी सॉफ्टवेअरलाच काढू द्या.

५. सपाट चौकोनातली चाचणी

माझ्या मते सगळ्या पोस्टमध्ये कामाची गोष्ट हीच. खाडी बाजूला ठेवा. भरती नाही, तळ नाही, किनारा नाही. २ किलोमीटरचा चौकोन, ५ मीटरची जाळी, वेग शून्य. मध्यभागी गॉसियन (घंटेसारख्या) आकाराचा डाग ठेवा, सुरुवातीचं प्रमाण विचलन २० मीटर. वरचा टेन्सर लावा आणि १००० सेकंद चालवा. लॅपटॉपवर लवकर उरकतं. कोकणात पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा मोठा रन लावून झोपण्यापेक्षा असल्या छोट्या चाचण्या केव्हाही बऱ्या.

उत्तर आधीच माहीत असतं: विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) दर सेकंदाला दुप्पट गुणांकाने वाढतं. म्हणजे एक्स दिशेचं विचरण ४०० + २ × ७.५२५ × १००० = १५,४५०, वाय दिशेचं ५,५५०, आणि दोघांचं सहविचरण सुमारे ८,५७४. यातून डागाची लांब बाजू बरोबर ३० अंशांवर येते, लांबीत प्रमाण विचलन १४३ मीटर आणि रुंदीत साडेचोवीस. तुमच्या आउटपुटमधून हे तीन आकडे एक्सेलमध्ये काढा आणि शेजारी ठेवा.

कोन चुकला तर परत दुसऱ्या तपासणीकडे. कोन बरोबर पण रुंदी जास्त, तर जाळी किंवा स्कीम (गणना करण्याची पद्धत) आडवं डिफ्युजन स्वतःच्या खिशातून घालतेय. सहविचरण शून्य, तर तिरपा घटक गळलाय. आणि तिन्ही आकडे जुळले तरी किमान संहती बघायला विसरू नका. सरासरी आकडे तंतोतंत जुळूनही कडेला उणे संहती असू शकते.

ही चाचणी ० अंशांवर पास होते आणि ३०वर नापास, असं झालं तर आनंद माना. दुखणं कुठे आहे ते कळलं.

६. वेग सुरू केल्यावर काय होतं

चौकोनात सगळं ठीक, खाडीत मात्र डाग फुगतो? मग संशय डिफ्युजनवर नको, वाहून नेण्याच्या पदावर घ्या. पहिल्या दर्जाची अपविंड स्कीम (प्रवाह येतो त्या बाजूच्या पेशीची किंमत घेणारी) स्वतःचं खोटं डिफ्युजन घालते, साधारण वेग × जाळीचं अंतर ÷ २ इतकं. वेग अर्धा मीटर प्रति सेकंद आणि जाळी ५० मीटरची असेल तर ते १२.५ होतं. तुमचा डीएल १० आणि डीटी ०.१. म्हणजे तुम्ही निगुतीने मोजूनमापून दिलेल्या आकड्यांपेक्षा स्कीमचाच आकडा मोठा. प्रवाह जाळीला तिरपा असला की हे खोटं डिफ्युजन प्रवाहाला आडवंही पसरतं, आणि डीटी कितीही कमी केला तरी काही हलत नाही.

उपाय दोन: उच्च दर्जाची, मर्यादा घालणारी स्कीम, किंवा खाडीच्या वळणाबरोबर वळणारी जाळी. दुसरा उपाय कष्टाचा आहे, पण टिकतो.

७. खाडी वळते, टेन्सर वळतो का?

आपल्या बहुतेक खाड्या सह्याद्रीकडून पश्चिमेला येतात. त्यामुळे मुखाजवळचा तुकडा घेतला तर एकच थीटा सगळीकडे चालून जातो आणि माणूस गाफील राहतो. चिपळूणकडून दाभोळकडे येणारी वाशिष्ठी घ्या: नागमोडी पात्र, मध्ये जुवे (बेटं), दोन फाटे. तिथे प्रत्येक पेशीचा थीटा वेगळा हवा.

इथे गळतीचा उलगडा होतो. किनाऱ्यावर बहुतेक जण ‘झिरो ग्रेडियंट’ लावतात. पण त्याचा अर्थ किनाऱ्याला लंब दिशेचा संहतीचा उतार शून्य, एवढाच. टेन्सर किनाऱ्याला तिरपा असेल तर किनाऱ्यालगतचा उतारसुद्धा तिरप्या घटकाच्या वाटेने भिंतीतून माल बाहेर काढतो. बंद किनाऱ्याची खरी अट ‘प्रवाह शून्य’ (किनाऱ्यातून आरपार जाणारा माल शून्य) ही आहे, टेन्सर धरून. टेन्सर किनाऱ्याला समांतर वळवलात तर दोन्ही अटी एकच होतात आणि गळती आपोआप थांबते. म्हणूनच ती सरळ पट्ट्यात दिसत नाही, वळणावर दिसते.

थीटा वेगावरून काढत असाल तर आणखी दोन गोष्टी. ओहोटीला दिशा १८० अंशांनी उलटते याची काळजी नको, टेन्सर तोच राहतो. पण कोनांची सरासरी काढू नका. शेजारच्या पेशींत १ अंश आणि १७९ अंश असेल तर दोन्ही जवळपास एकाच रेषेत आहेत, सरासरी मात्र ९० येते, खाडीला बरोबर आडवी. सरासरी टेन्सरच्या घटकांची काढा.

दुसरी गोष्ट, पाणी थांबतं तेव्हाची. वेगाच्या वर्गाने भागणारं सूत्र वापरलं असेल तर तिथे शून्याने भागाकार होतो आणि रन फुटतो. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, म्हणजे चार वेळा ही पाळी येते. भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) वेग एकूणच मंद असतो, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत धड चाललेलं मॉडेल भांगाला रडतं. वेग एका किमान मर्यादेखाली गेला की पात्राची ठरलेली दिशा वापरा. हे दोन ओळींचं काम आहे.

८. उणे संहती जातच नाही

आता अवघड भाग. चौरस जाळीवर साध्या स्कीमने उणे उत्तर टाळायचं असेल तर डीएक्सवायची किंमत डीएक्सएक्स आणि डीवायवाय या दोन्हींपेक्षा जास्त नको. आमच्या उदाहरणात ४.२८७ हा २.५७५पेक्षा मोठा आहे. म्हणजे टेन्सर बरोबर, कोड बरोबर, तरी उणे येऊ शकतं. आणि नुसती जाळी बारीक केल्याने ही अट बदलत नाही. तोच टेन्सर ४५ अंशांवर फिरवा: ५.०५, ५.०५, ४.९५. अट पाळली जाते! ४५वर चाचणी नको म्हटलं त्याचं दुसरं कारण हेच, तिथे मॉडेल शहाण्यासारखं वागतं.

या पायरीवर काय करता येतं, ते कष्टाच्या क्रमाने. ओपनफोममध्ये तिरपा भाग आधीच्या ग्रेडियंटवरून घेतला जातो, म्हणून प्रत्येक पायरीत करेक्टरच्या फेऱ्या वाढवून बघा. याने मागे पडलेला भाग भरून निघतो, उणेपणा मात्र कमी होईलच असं नाही. मॉडफ्लो ६मध्ये वहनाच्या डिस्पर्शन पॅकेजला एक्सटी३डी (तिरपा टेन्सर नीट हाताळणारा पर्याय) मुळातच चालू असतं, ते कुणी बंद केलंय का बघा. भूजलप्रवाहाच्या पॅकेजमध्ये मात्र ते स्वतः चालू करावं लागतं. दोनच पेशींतल्या फरकावरून प्रवाह काढणारी स्कीम असेल तर ती तिरप्या टेन्सरला मुळातच चुकीचं उत्तर देते, जाळी कितीही बारीक करा. तिथे अनेक पेशी धरणारी स्कीम लागते. आणि सगळ्यात खात्रीचं, जाळी खाडीच्या दिशेने वळवणं. मग तिरपा घटकच जवळपास उरत नाही.

एक काम मात्र करू नका: उणे आकडे कापून शून्य करणं. चित्र सुंदर दिसतं, पण प्रत्येक कापणीत वस्तुमान वाढतं. सांडपाण्याच्या मॉडेलमध्ये तुम्ही स्वतःच प्रदूषण तयार करत असता.

९. आकडे आले कुठून?

सगळं पास झालं, तरी उत्तर मोजमापाशी जुळत नाही. मग गुणांकांचा उगम विचारा. द्विमितीय, खोलीवर सरासरी काढलेल्या मॉडेलमध्ये लांबीच्या दिशेला एल्डरचं १९५९चं सूत्र वापरतात: ५.९३ × खोली × घर्षणवेग (तळाच्या घर्षणाचा जोर वेगाच्या रूपात). ५.९३च्या जागी आडव्या दिशेला सरळ पात्रात साधारण ०.१५, वळणदार पात्रात ०.६च्या आसपास. खोली ४ मीटर आणि घर्षणवेग ०.०५ धरला तर डीएल सुमारे १.२ आणि डीटी ०.०३ ते ०.१२.

लोक मात्र अख्ख्या खाडीच्या एकमितीय अभ्यासातला मोठा गुणांक उचलून द्विमितीय मॉडेलमध्ये टाकतात. त्या गुणांकात पात्राच्या मध्यावरचं जोरात आणि काठाचं सावकाश वाहणारं पाणी आधीच मोजलेलं असतं. तुमचं मॉडेल तोच फरक पुन्हा स्वतः दाखवतं. एकाच गोष्टीची दोनदा वसुली होते.

पावसाळ्यात वरून गोडं पाणी आणि खाली खारं असं थरांचं चित्र असेल, आणि मॉडेल तळाला समांतर थर वापरत असेल, तर तळाच्या उताराच्या जागी ‘आडवं’ (थराच्या बाजूने होणारं) डिफ्युजन प्रत्यक्षात वर-खाली मिसळतं. त्यासाठीची दुरुस्ती बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, मुळात बंद असते. ती चालू करून बघा. इथून पुढे मात्र हौशी कामाची हद्द संपते.

कुठे थांबायचं

पाचवी चाचणी, पहिल्या चार तपासण्या नीट करूनही, नापास होत असेल तर थांबा. तीच छोटी केस सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवा. खाडीचं मॉडेल पाठवू नका, ते कुणी उघडणार नाही.

डीएल आणि डीटी मोजमापाशिवाय नुसते जुळवाजुळवीने ठरवत असाल तर थांबा. रंग सोडून मागोवा घेणं, बोटीवरून वेग आणि खारेपणा मोजणं हे उपकरणं आणि परवानग्या असलेल्या लोकांचं काम आहे. दोन गुणांक आणि एक कोन मनासारखे फिरवले तर कुठल्याही डागाशी मॉडेल जुळवता येतं, आणि त्याला काही अर्थ नसतो.

आणि उत्तरावर खरा निर्णय अवलंबून असेल, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, कोळंबी तलावांचं पाणी, सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी, तर आधीच थांबा. पुण्याला खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हे त्यांचं रोजचं काम आहे. जाताना सोबत एवढं न्या: चौकोनातल्या चाचणीचे तीन आकडे आणि किमान संहती, टेन्सरची दिशा दाखवणारा खाडीचा नकाशा, एकूण वस्तुमानाचा काळानुसार आलेख, आणि गुणांक कुठून घेतले त्याची एक ओळ. एवढं हातात असलं की पहिल्याच बैठकीत मुद्द्याचं बोलणं सुरू होतं. नसलं तर ते तुम्हाला पहिल्या तपासणीपासूनच सुरुवात करायला लावतात.